मांडव कोणाचा, मान कोणाचा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीतला सर्वांत गाजलेला समारंभ विद्यापीठ स्थापन होण्याच्या बावन्न वर्षे आधी झाला. तेव्हा ही इमारत मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. २२ जून १८९७ च्या रात्री तिथे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी झाली. मेजवानी आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. प्लेगच्या बंदोबस्ताने पोळलेल्या शहराच्या उशाशी राजनिष्ठेची रोषणाई चालली होती आणि ज्यांच्यावर हे राज्य चालत होते, त्यांना त्या सोहळ्यात जागा नव्हती. पुढे १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि हीच वास्तू विद्यापीठाला मिळाली. समारंभासाठी देखणी जागा आयतीच हाती आली. समारंभ नेमका कोणाचा, हा प्रश्नही तिच्याबरोबर वारशाने आला.

विद्यापीठांच्या सोहळ्यांविषयी लिहिले जाते ते बहुधा स्मरणिकांत. कोणत्या साली कोण पाहुणे आले, कोणी दीपप्रज्वलन केले, किती सुवर्णपदके वाटली, यांच्या त्या याद्या असतात. त्यातून विद्यापीठाचा रुबाब कळतो, त्याचा स्वभाव कळत नाही. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे पदवीदान, महाविद्यालयांची गॅदरिंग, युवक महोत्सव, एकांकिका स्पर्धा आणि नामविस्तार दिनासारखे लोकांनी उभे केलेले उत्सव एकत्र ठेवून एकच गोष्ट तपासायची आहे: सोहळ्याचे रूप बदलण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता? दीडशेहून अधिक वर्षांचा पुरावा असे सांगतो, की ज्या सोहळ्यात हजर असणाऱ्यांना तो बदलता आला, तो जिवंत राहिला आणि त्यातून माणसे घडली. ज्यात तो हक्क काढून घेतला गेला, तो कधी शिष्टाचार होऊन बसला, तर कधी करमणूक. सोहळा सरकारी की खासगी, साधा की भपकेबाज, देशी की विलायती, हे भेद त्यामानाने दुय्यम आहेत.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारी संस्था म्हणून जन्मले. शिकवण्याचे काम एल्फिन्स्टन, डेक्कन वगैरे महाविद्यालये करीत आणि विद्यापीठ फक्त प्रश्नपत्रिका काढून पदव्या देई. अशा संस्थेचे दर्शन विद्यार्थ्याला दोनच ठिकाणी घडणार, एक परीक्षेच्या हॉलमध्ये आणि दुसरे पदवीदानाच्या मंचावर. म्हणून आरंभीच्या विद्यापीठाला समारंभ ही केवळ शोभा नव्हती. आपण अस्तित्वात आहोत, हे सांगण्याचे त्याच्याकडे दुसरे साधनच नव्हते. १८६२ मध्ये बी. ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली ती चौघांची: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. विद्यापीठाला तेव्हा स्वतःचे छप्पर नव्हते, कामकाज टाऊन हॉलमधून चाले. मग सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, कधीही हिंदुस्थानात न आलेल्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार कन्व्होकेशन हॉल उभा राहिला. तो १८७४ मध्ये पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून त्यांच्या आईच्या नावाचा २८० फुटी राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. वर्गखोल्यांच्या आधी समारंभाचे दालन बांधणारे हे विद्यापीठ होते, एवढे लक्षात घेतले तरी त्याची प्रकृती कळते. टॉवरचे घड्याळ ब्रिटिश अमदानीत ठरावीक वेळी धून वाजवी आणि त्या धुनांत ‘रूल ब्रिटानिया’ आणि ‘गॉड सेव्ह द किंग’ होत्या. पैसा मुंबईच्या शेटियांचा आणि सूर विलायतेचा, ही त्या काळच्या समारंभाची नेमकी विभागणी होती.

या पदवीदानाची रचना पाहण्यासारखी आहे. गव्हर्नर हे पदसिद्ध कुलपती. मिरवणूक निघते, सभागृह उभे राहते, कुलपती समारंभ सुरू झाल्याचे जाहीर करतात, अधिष्ठाते आपापल्या शाखेचे स्नातक पुढे आणतात, अनुग्रह होतो, भाषण होते, मिरवणूक परत जाते. यात स्नातकाचे काम उभे राहणे, वाकणे आणि बसणे एवढेच. त्याच्या तोंडी एखाद-दुसरी प्रतिज्ञा सोडली, तर शब्द नाहीत. मंचावरच्या माणसांचा रंग कालांतराने बदलला. १८९२ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले भारतीय कुलगुरू झाले आणि त्यांच्यानंतर, पहिल्या तुकडीत पदवी घेतलेले भांडारकरच त्या खुर्चीत बसले. तीस वर्षांत स्नातकाचा कुलगुरू व्हावा, ही मोठी गोष्ट आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण समारंभाची भाषा, वेष, क्रम यांत त्यामुळे फरक पडला नाही. पदवी हाती आल्याने पुढची दारे उघडतातच असेही नव्हते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून अव्वल गुण मिळवून बाहेर पडल्या, पण तेवढ्याच गुणांच्या पुरुषाला मिळाली असती ती विलायतेच्या शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना बाई म्हणून नाकारली गेली. समारंभात समानता दाखवणे आणि व्यवहारात ती देणे यांतले अंतर मंचावरून कधीच दिसत नाही.

जिथे बोलायची सोय नसते, तिथे माणसे व्यत्ययाच्या भाषेत बोलतात. १९०५ च्या दसऱ्याला पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयाचा विद्यार्थी असलेल्या विनायक दामोदर सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले. दंड करणारे प्राचार्य रँग्लर परांजपे पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. २२ जुलै १९३१ रोजी हंगामी गव्हर्नर हॉटसन फर्ग्युसनचे ग्रंथालय पाहायला आले असताना वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचले. गोगट्यांच्या मनात सोलापूरच्या लष्करी कायद्याचा आणि तिथल्या फाशींचा राग होता. सहा महिन्यांनी, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदानातच बीना दास या तरुणीने गव्हर्नर जॅक्सन यांच्यावर पिस्तूल चालवले, आणि तीही त्या दिवशी पदवी घ्यायलाच आली होती. या घटनांचे समर्थन करण्याचा इथे हेतू नाही. त्यांची जागा मात्र विचार करायला लावते. कुलपती आणि राज्यकर्ता ही एकच व्यक्ती असल्याने विद्यापीठाचा समारंभ हा सत्तेला विद्यार्थ्यांच्या समोरासमोर आणून बसवणारा वर्षातला ठरावीक दिवस बनला होता. समोरच्याला बोलू द्यायची कोणतीच तजवीज त्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हती.

या दरबारी परंपरेला समांतर एक दुसरी परंपरा जवळपास तितकीच जुनी आहे, किंबहुना थोडी आधीची. एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. तिच्या मराठी शाखेचे, उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्ष दादोबा पांडुरंग होते. निबंध वाचायचे, त्यावर वाद घालायचा, आणि मुलींच्या शाळा चालवायच्या, असा हा उद्योग होता. तो विद्यापीठाच्या नऊ वर्षे आधीचा होता. १९१६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्यांनी पदव्यांची नावेच नवी घडवली. बी. ए.च्या तोडीची पदवी ‘गृहीतागमा’, एम. ए.च्या तोडीची ‘प्रदेयागमा’. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा. सरकारी कायद्याची मान्यता या विद्यापीठाला १९५१ मध्ये मिळाली, म्हणजे पस्तीस वर्षे ज्या पदव्या दिल्या गेल्या त्यांच्यामागे राज्यसत्तेची मोहोर नव्हती, होता तो घेणाऱ्यांचा आणि देणाऱ्यांचा विश्वास. नावे संस्कृतप्रचुर होती, थोडी अवघडही होती आणि पुढे ती टिकली नाहीत. पण पदवीदानाचा शब्द आपला आपण ठरवता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

महाविद्यालयांचे वार्षिक स्नेहसंमेलन, म्हणजे मराठी माणसाच्या तोंडचे गॅदरिंग, याच दुसऱ्या परंपरेतले. कागदावर ते प्राचार्यांच्या अधिकाराखाली असते आणि प्रत्यक्षात निदान तीन-चार दिवस विद्यार्थ्यांचे राज्य असते. निवडून आलेला जी. एस., मुलींची प्रतिनिधी म्हणून एल. आर., वर्गावर्गाचे सी. आर., नाटकाच्या तालमींसाठी अडवलेली खोली, वर्गणी, पडदे आणणारा, लाइटचा हिशेब ठेवणारा, रांगोळीवाल्यांचे आणि ऑर्केस्ट्रावाल्यांचे भांडण सोडवणारा, अशी ती एक छोटी नगरपालिकाच. फिशपाँड हा त्यातला खास प्रकार. निनावी चिठ्ठ्यांतून कुणाचीही, अगदी प्राध्यापकांचीही, टोपी उडवण्याची वर्षातून एकदा मिळणारी मुभा. समाजशास्त्रज्ञ ज्याला उतरंड तात्पुरती उलटी करणे म्हणतात, ते शिमग्याला शोभेलसे काम आहे. त्याची काळी बाजूही लपवू नये. फिशपाँडची चिठ्ठी पुष्कळदा मुलींवर, गावाकडून आलेल्या मुलांवर, रंगावर, बोलीवर जाई. खालच्याने वरच्याची थट्टा करण्याची सवलत बहुमताने अल्पमताची थट्टा करण्यात सहज बदलते. तरीही ही थट्टा थांबवायची तर पुढच्या वर्षीच्या जी. एस.ला गाठता येत असे, बैठकीत आवाज चढवता येत असे. दोष दुरुस्त करण्याचे हत्यार त्याच व्यवस्थेत होते, हा फरक विसरता येत नाही.

या गॅदरिंगच्या मातीत सर्वांत जोमाने काय उगवले असेल, तर नाटक. १९६३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. १९७४ पासून फिरोदिया करंडक आला आणि त्याने एकाच सादरीकरणात नाट्य, संगीत, नृत्य, चित्र अशा अनेक कलांची सांगड घालायला लावली. या दोन्ही स्पर्धा विद्यापीठाच्या नाहीत, हे मुद्दाम नोंदवायला हवे. विद्यापीठाने मैदान दिले नाही, नियम केले नाहीत, पाहुणे बोलावले नाहीत, तरी पुण्याच्या विद्यार्थीजीवनातला सर्वांत तापलेला काळ भरत नाट्यमंदिरातल्या या फेऱ्यांचा ठरला. जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर ही मंडळी विद्यार्थिदशेतल्या नाटकांतूनच पुढे आली. १६ डिसेंबर १९७२ रोजी रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मागची नट आणि तंत्रज्ञांची फळी विद्यार्थी-रंगभूमीच्या शाळेत तयार झाली होती. स्पर्धेने असे काय दिले, जे पदवीदानाने दिले नाही? तिने हरण्याची संधी दिली. आपण लिहिलेले, आपण बसवलेले, आपल्या खिशातल्या पैशांनी उभे केलेले काम लोकांसमोर पडू शकते, ही जोखीम ज्या सोहळ्यात असते, तिथेच शिकणे घडते. पदवीदानात कोणी पडत नाही, म्हणून तिथे कोणी वाढतही नाही.

सरकारला हे कळत नव्हते असे नाही. १९५४ मध्ये दिल्लीत पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला आणि नव्या राष्ट्राने विद्यार्थ्यांच्या कलांना अधिकृत व्यासपीठ दिले. पुढे जिल्हा, विद्यापीठ, विभाग, राष्ट्र अशी उतरंड तयार झाली. महाराष्ट्रात ‘इंद्रधनुष्य’ हा आंतरविद्यापीठ सांस्कृतिक महोत्सव आणि ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा कुलपतींच्या कार्यालयाच्या पुढाकाराने सुरू झाल्या. मूकाभिनय, प्रहसन, वक्तृत्व, लोकवाद्यवृंद, स्थळचित्रण, व्यंग्यचित्र असे ठरलेले प्रकार, ठरलेली मिनिटे, ठरलेले गुण. यातून तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलीला विद्यापीठाचा आणि विद्यापीठातल्या मुलाला दुसऱ्या राज्याचा मंच मिळतो. पुण्या-मुंबईच्या करंडकांपर्यंत जे कधी पोचले नसते, त्यांच्यासाठी हीच वाट आहे. तेव्हा सरकारी तो सोहळा निर्जीव असे समीकरण मांडणे चुकीचे ठरेल. अडचण एवढीच, की प्रकारांची यादी वरून येते. गावातला कलाप्रकार त्या यादीत बसला तर लोककला होतो आणि नाही बसला तर उरतच नाही.

वरून आलेल्या यादीत कधीच नसलेला, आणि तरी महाराष्ट्रातल्या कोणत्याही विद्यापीठाच्या वाट्याला आलेला बहुधा सर्वांत मोठा उत्सव मराठवाड्यात घडला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. त्याचे पहिले कुलगुरू स. रा. डोंगरकेरी हे मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव राहिलेले आणि त्या विद्यापीठाचा शंभर वर्षांचा इतिहास लिहिलेले गृहस्थ. म्हणजे मुंबईची समारंभपरंपरा जाणणारा माणूसच नव्या विद्यापीठाला मिळाला होता. त्याआधीच विद्यापीठाच्याच शहरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या मिलिंद महाविद्यालयात पन्नाशीच्या दशकात म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक सादर झाले होते आणि दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना त्याचे नाव आरंभी घेतले जाते. हा दुसरा वारसा पुढे निर्णायक ठरला. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, आणि नामांतराचा लढा १४ जानेवारी १९९४ पर्यंत, सोळा वर्षे, चालला. त्या दिवशी विद्यापीठाच्या नावाला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले, आणि तेव्हापासून दर १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी लोक जमतात. ते निमंत्रित नसतात आणि त्यांतले बहुसंख्य या विद्यापीठाचे विद्यार्थीही नसतात. पुस्तकांचे स्टॉल लागतात, गाणी होतात, सभा होतात, माणसे कमानीपुढे हात जोडून, कधी डोके टेकवून पुढे जातात. ज्यांना या दाराच्या आत पाऊल टाकायला पिढ्या लागल्या, त्यांनी दारालाच उत्सवाचे केंद्र केले, हे त्यातले मर्म. विद्यापीठाच्या स्थापनेचा दिवस २३ ऑगस्ट आहे, पण ते आपले झाले त्या दिवसाला लोक जमतात.

स्वातंत्र्यानंतरच्या पदवीदानातही बदलाचे प्रयत्न झाले. पदवीदान, पदवीप्रदान, दीक्षान्त असे शब्द बदलत गेले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने, ज्याचे उद्घाटन १९६२ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले होते, दीक्षान्ताला ग्रंथमहोत्सवाची आणि ग्रंथदिंडीची जोड दिली. पालखीत ग्रंथ ठेवून शहरातून दिंडी निघते, तेव्हा वारीच्या मुलखातल्या माणसाला हा सोहळा परका वाटत नाही. काळ्या झग्याचा वादही याच काळातला. २०१० मध्ये भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेच्या दीक्षान्तात केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी झगा उतरवून त्याला वसाहतकालीन अवशेष म्हटले, आणि मग ठिकठिकाणी झग्याच्या जागी उपरणी, कुर्ते, पगड्या येऊ लागल्या. पण झगा गेला की प्रश्न सुटतो, हा समज पुण्यात फार काळ टिकला नाही. २०१९ च्या जानेवारीत सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठात पदवीप्रदानाच्या पोशाखात पुणेरी पगडी आली, तेव्हा विद्यार्थ्यांनी ‘फुले पगडी का नाही?’ असे विचारत निदर्शने केली. प्रश्न रास्त होता. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळांना विरोध करणाऱ्या शहराची पगडी त्याच सावित्रीबाईंच्या विद्यापीठाचे मानचिन्ह कशी, असा तो होता. विलायती झग्याऐवजी देशी पगडी घालणे हे निर्वसाहतीकरण म्हणावे, तर ‘देशी’ म्हणजे कोणाचे, हे ठरवताना स्नातकांना कोणी विचारले होते? २०१७ मध्ये याच विद्यापीठाच्या एका देणगी-पदकाच्या अटींत विद्यार्थी शाकाहारी असावा असे निघाले आणि टीकेनंतर विद्यापीठाला पाऊल मागे घ्यावे लागले, तेही याच जातीचे प्रकरण. पगडी, पदक, दिंडी यांत चिन्ह कोणते, यापेक्षा ते ठरवण्याच्या बैठकीत विद्यार्थी होता की नाही, याने फरक पडतो.

ही बैठकच १९९४ नंतर रिकामी झाली. त्या वर्षीच्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुका बंद करून गुणवत्तेनुसार प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. वर्गात पहिला आलेला विद्यार्थी आपोआप प्रतिनिधी झाला. तो हुशार असेल, पण त्याला कोणी निवडलेले नव्हते, म्हणून तो कोणाला उत्तर देणे लागत नव्हता. गॅदरिंगची सूत्रे प्राध्यापकांच्या समितीकडे आणि तिथून हळूहळू मांडव, ध्वनी, निवेदक, पाहुणे कलाकार सगळे एकगठ्ठा पुरवणाऱ्या इव्हेंट कंपन्यांकडे सरकली. फी भरणारा विद्यार्थी प्रेक्षक झाला. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली, २०१९ मध्ये त्या होणार असे जाहीरही झाले, आणि लांबणीवर पडल्या. मंडळाचे नाव विद्यार्थी कल्याणाऐवजी विद्यार्थी विकास झाले. विकास कोणी करायचा, हे मात्र नावात आले नाही.

इथे पहिला आक्षेप येतो तो सुरक्षेचा आणि तो हलका नाही. निवडणुकांनी महाविद्यालयांत मारामाऱ्या, बाहेरच्या पक्षांचा पैसा आणि गुंडगिरी आणली होती, हे खरे आहे. गर्दीचा धोकाही खरा आहे. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठातल्या महोत्सवात गाण्याच्या कार्यक्रमाआधी चेंगराचेंगरी होऊन चौघांचा जीव गेला. मात्र निवडणुकीतल्या हिंसेवर निवडणूकच रद्द करणे हा एकमेव उपाय नव्हता. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशींत उमेदवाराच्या खर्चाला पाच हजारांची मर्यादा, हजेरीची आणि वयाची अट, छापील पत्रकांवर बंधने असे सारे आहे. आणि गर्दीचा धोका ख्यातनाम गायकाला बोलावून हजारोंना एका दारातून आत घेणाऱ्या कार्यक्रमात सर्वाधिक असतो, वर्गावर्गाने वाटून केलेल्या गॅदरिंगमध्ये नसतो. सुरक्षेच्या नावाने विद्यार्थ्यांच्या हातून काम काढून घेतले आणि त्या जागी आली ती अधिक धोक्याची गर्दी, असे उलटे झाले आहे.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. आजचे मोठे महोत्सव विद्यार्थीच तर चालवतात, मग हक्क गेला म्हणता कसा? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आयआयटी मुंबईत सुरू झालेला मूड इंडिगो किंवा १९७९ पासूनचा सेंट झेवियर्सचा मल्हार यांचे सारे नियोजन विद्यार्थ्यांच्या हातात असते. प्रायोजक मिळवणे, कंत्राटे करणे, शेकडो स्वयंसेवक सांभाळणे यांत ते शिकतात, ते नाकारणे अन्यायाचे होईल. तरी दोन गोष्टी उरतात. एक, अशा महोत्सवाची गाडी प्रायोजकांच्या पैशावर चालते आणि प्रायोजकाला हवी असते गर्दी. त्यामुळे कोणता कार्यक्रम मुख्य मंचावर जाणार, याचा कौल विद्यार्थ्यांच्या रुचीपेक्षा गर्दीच्या आकड्याने लागतो. दुसरे, असे महोत्सव शहरातल्या, नामांकित, इंग्रजीत सफाईने वावरणाऱ्या संस्थांनाच परवडतात. जालन्याच्या किंवा गडहिंग्लजच्या महाविद्यालयाला प्रायोजक मिळत नाही. तिथल्या मुलाला सोहळा घडवण्याची संधी मिळायची तर ती त्याच्या स्वतःच्या गॅदरिंगमध्येच, आणि तेच आपण त्याच्या हातून काढून घेतले.

तिसरा आक्षेप भावनांचा. विद्यार्थ्यांना मोकळे सोडले, की ते कोणाच्या ना कोणाच्या श्रद्धा दुखावतात, असे म्हणतात. २ फेब्रुवारी २०२४ रोजी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात परीक्षेचा भाग म्हणून सादर होत असलेली, रामलीलेतल्या नटांवरची एक नाटिका विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी बंद पाडली आणि विभागप्रमुखांसह विद्यार्थ्यांना अटक झाली. नाटिका चांगली होती की वाईट, यावर मतभेद असणारच. पण रंगकर्मी घडवणाऱ्या विभागाच्या अंगणात झालेल्या सादरीकरणाचा निवाडा पोलीस ठाण्यात व्हावा, याचा अर्थ विद्यापीठात मतभेद मांडण्याची आणि मिटवण्याची स्वतःची जागा उरली नाही. जुन्या गॅदरिंगमध्येही भांडणे होत, नाटके पाडली जात, पण भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना उद्या त्याच कट्ट्यावर बसायचे असे. निवडलेली परिषद, वादासाठी राखलेली वेळ, विद्यार्थ्यांच्या हातातला हिशेब या गोष्टी भावना दुखावण्यापासून वाचवत नाहीत. त्या दुखावलेल्याला हात उगारण्याच्या आधी तोंड उघडण्याची सोय देतात.

चौथा आक्षेप परंपरावाद्यांचा आणि त्यात तथ्य आहे. काही विधी न बदलण्यातच त्यांचे मोल असते; आईने पाहिला तसाच समारंभ मुलीने पाहिला, तर पिढ्या जोडल्या जातात; रोज मतदान घेऊन पावित्र्य टिकत नाही. हे मान्य. मात्र पदवीदान कधीच अचल नव्हते. शब्द बदलले, भाषा बदलली, वेष दोनदा-तीनदा बदलला, टॉवरच्या धुना थांबल्या. प्रत्येक बदल वरून आला, एवढेच. अचल राहिली ती एकच गोष्ट, स्नातकाचे मौन. परंपरा म्हणून जपायला ती फारशी मोलाची नाही.

आणि आता आकार असा झाला आहे, की जुना मंच टिकवणे शक्यही नाही. पुणे विद्यापीठ सुरू झाले तेव्हा त्याला १८ महाविद्यालये जोडलेली होती. आज ती शेकड्यांत मोजावी लागतात. मुख्य इमारतीच्या हिरवळीवर साऱ्या स्नातकांना बोलावणे अशक्य झाल्याने पदव्या महाविद्यालयांतून वाटण्याची पद्धत आली. प्रशासनाने ती सोय म्हणून स्वीकारली, पण तिच्यात या सगळ्या इतिहासाचे उत्तर दडलेले आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात होणाऱ्या पदवीवाटपाला राज्यपाल येणार नाहीत, म्हणून तिथे शिष्टाचाराची भिंत नाही. मिरवणुकीत कोणता वेष, कोणते वाद्य, भाषण प्राचार्यांचे की घरातला पहिला पदवीधर ठरलेल्या मुलाचे, पहिल्या रांगेत संस्थाचालक की शेतातून थेट आलेले आईबाप, हे तिथल्या निवडलेल्या विद्यार्थ्यांना ठरवू द्यावे. त्याचा हिशेब त्यांनी सभेत मांडावा आणि चुकले तर पुढच्या वर्षी दुसऱ्यांनी सुधारावे. पाहुण्यांची यादी थोडी आखूड होईल. ज्यांची नावे आजवर फक्त पदवीच्या कागदावर छापली गेली, त्यांची मग निमंत्रणपत्रिकेवर येतील, निमंत्रक म्हणून.